विमानतळ खासगी कंपनीला दिला म्हणून बंद पडतो का?

प्रश्न असा होता: "आमच्या जिल्ह्यातला विमानतळ सरकारने खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या लीजवर दिलाय. उद्घाटनाला सगळे आले, फोटो झाले, आणि आता महिनोन्महिने विमान नाही. कंपनी नुसती जागा अडवून बसलीये का? सरकारने परत घेतला तर चालू होईल का?"

मी एरोड्रोम ऑपरेशन्समध्ये अठरा वर्षं काढली, त्यातली बरीच खासगी कंपन्या चालवत असलेल्या छोट्या विमानतळांवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी थेट उत्तर देतो. खासगी आहे म्हणून विमानतळ बंद पडत नाही आणि सरकारने परत घेतला म्हणून आपोआप चालूही होत नाही. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते एकाच जागी. विमान येवो न येवो, विमानतळ रोज तयार ठेवायचा खर्च कोणी करायचा हे करारात नीट लिहिलेलंच नसतं, लीज किती वर्षांची, जमीन किती एकर, हप्ते कसे हे सगळं लिहिलेलं असतं आणि नेमकं हेच नसतं.

तयार ठेवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रनवे बांधून झाला, टर्मिनलला काच लागली, आता काय राहिलं. समजा दिवसाला एकच एटीआर येतं. सत्तर सीटचं विमान, उतरतं, अर्ध्या तासात माणसं भरून परत जातं. त्या अर्ध्या तासासाठी आमचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. उजाडायला लागलं की जीप काढून रनवेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू जायचं, खडा, तार, मेलेला पक्षी, कोल्ह्याची विष्ठा, जे दिसेल ते उचलायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. दोन्ही बाजूच्या पापी (PAPI) लाइट, म्हणजे उतरणाऱ्या वैमानिकाला उंची बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे, पुसायच्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक फाटलाय का बघायचं, कंपाउंडला कुठे भगदाड पडलंय का बघायचं, कारण पलीकडच्या वाडीतली गुरं हिरवं गवत दिसलं की येणारच. पावसाळ्यात तर गवताशी लढाईच असते, आठ दिवस कापलं नाही की गुडघ्याएवढं, मग त्यात किडे, किड्यांमागे बगळे, आणि उंदीर झाले की घारी. टिटवी तर रनवेच्या कडेच्या खडीतच अंडी घालते, घरटं असं काही करतच नाही, अंडी खडीच्याच रंगाची, जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालून ओरडून जीव नकोसा करते. आणि वजन थोडं असलं तरी इंजिनात गेली तर नुकसान लाखांच्या घरात जातं.

हे झालं फक्त रनवेचं. शिवाय अग्निशमन. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच असतात. विमानाच्या लांबीवरून विमानतळाची फायर कॅटेगरी ठरते. एटीआर 72 साधारण 27 मीटर लांब, म्हणून कॅटेगरी 5, त्याला एक क्रॅश फायर टेंडर लागतो, आम्ही सीएफटी म्हणतो, आणि 5,400 लिटर पाणी फोमसकट. एअरबस 320 आणायचं म्हटलं की कॅटेगरी 6, मग गाड्या दोन आणि पाणी 7,900 लिटर. गाडी रनवेच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचली पाहिजे, म्हणजे ड्रायव्हर, क्रू, त्यांची ट्रेनिंग, त्यांचे सराव, सुट्टीवर गेले की बदली माणूस, हे सगळं आलं. दिवसाला एक विमान आलं काय आणि दहा आली काय, क्रू उभा ठेवायचाच. खर्चात अर्धा विमानतळ असं काही करता येत नाही. शिवाय सुरक्षेसाठी पोलीस, एक्स-रे मशीन, ते मशीन चालवणारी प्रमाणित माणसं, हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचं लायसन्स, दर ठरावीक काळाने रनवेची घर्षण चाचणी. यातलं एटीसी सहसा एअरपोर्ट्स ऑथॉरिटी म्हणजे एएआय बघते, पोलीस राज्याचे, बाकी बहुतेक ऑपरेटरच्या गळ्यात.

आता कमाई बघा.

मोठ्या विमानतळाला पैसा मिळतो लँडिंग चार्ज, पार्किंग चार्ज, पॅसेंजरमागे घेतली जाणारी फी, आणि दुकानं, जाहिराती, कार पार्किंग, हॉटेल यातून. छोट्या ठिकाणी दुकान म्हणजे एक चहा-वडापावचा स्टॉल, तोही फ्लाइटच्या वेळेलाच उघडणारा. आणि छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत जी विमानं येतात त्यांच्याकडून लँडिंग आणि पार्किंगचे पैसे घ्यायचेच नाहीत असा नियम आहे. योजना ऑक्टोबर 2016 मध्ये आली तेव्हापासून हे असं आहे आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही, साधारण तासाभराच्या प्रवासाला अर्ध्या सीट अडीच हजारांच्या आसपास ठेवायच्या म्हणजे एअरलाइनचा खर्च कुठून तरी कमी करायलाच हवा होता. त्या स्वस्त सीटमुळे पडणारा खड्डा भरायला व्हायबिलिटी गॅप फंडिंग आहे, त्यात साधारण 80 टक्के केंद्राच्या फंडातून आणि 20 टक्के राज्याकडून. पण हे पैसे जातात एअरलाइनला, विमानतळाला नाही, आणि तेही तीनच वर्षं. लोकांना हे माहीतच नसतं. मला कितीतरी जणांनी विचारलंय की सरकार सबसिडी देतं मग तुम्ही का रडता. ती आमच्यापर्यंत येतच नाही हो.

तीन वर्षांचं गणित बघायचं तर चिपीकडे बघा. सिंधुदुर्गचा चिपी-परुळेचा विमानतळ आयआरबीच्या कंपनीने एमआयडीसीच्या प्रकल्पात बांधला. 2018 च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी उतरलेल्या पहिल्या छोट्या विमानातून गणपतीची मूर्ती आणली होती, आम्हा कोकणातल्या माणसांच्या तर अंगावर काटा आला होता. प्रत्यक्ष प्रवासी सेवा सुरू व्हायला मात्र 9 ऑक्टोबर 2021 उजाडला. अलायन्स एअरचं एटीआर मुंबईहून यायला लागलं, उडान योजनेत. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये, तीन वर्षं भरली तशी, ती सेवा थांबली. तारखा जुळवून बघा, वेगळं काही सांगायला नको. आणि इथे हेही लक्षात घ्या की विमानतळ खासगी होता पण सेवा थांबवणारी एअरलाइन सरकारी मालकीची होती. म्हणजे खासगीने पळ काढला असं सरसकट म्हणता येत नाही. त्याच वर्षी, ही सेवा थांबायच्या आधीच, गोव्याच्या फ्लाय 91 एअरलाइनने तिथून पुण्यासारख्या शहरांची विमानं सुरू केली होती, त्यांचीही एटीआरच.

चिपीचं दुसरं दुखणं जवळच उत्तर गोव्यात मोपा झाला हे. जीएमआर कंपनीचा मोपा विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झाला, लांब रनवे, रात्री-अपरात्री विमानं, चारी दिशांना कनेक्शन. सावंतवाडी-बांद्याचा माणूस चिपीला कशाला जाईल? मालवण-कुडाळवाला जाईल, पण त्यालाही कुडाळहून पिंगुळी-पाट-परुळे असं आतल्या रस्त्याने जावं लागतं आणि पावसात ढग खाली आले की विमान उतरेलच याची खात्री नसेल तर तो तुतारी किंवा कोकणकन्याचं तिकीट काढून मोकळा होतो. चतुर्थीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला सगळ्यात जास्त काय हवं असतं तर नक्की पोचणं. स्वस्त तिकीट त्यानंतर. सेवा दोनदा रद्द झाली की तिसऱ्यांदा तो माणूस परत येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मराठवाड्याचा भाग, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच असावा असं वाटतं. 2009 मध्ये एमआयडीसीने नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, यवतमाळ आणि बारामती असे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला 95 वर्षांच्या लीजवर दिले, साधारण 63 कोटींना. 2009 हे साल लक्षात घ्या. त्याच्या आदल्या वर्षी शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचा विमानतळ मोठा केला होता, किंगफिशर एअरलाइन उडत होती, सगळ्यांना वाटत होतं की तालुक्या-तालुक्यात विमान येणार. मग किंगफिशर बसली. 27 एप्रिल 2017 ला उडानच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सुरू झालं, ट्रूजेट एअरलाइनचं, आणि 2022 मध्ये ट्रूजेटही बसली. मध्ये सेवा खंडित, मग 2024 च्या उन्हाळी शेड्यूलपासून स्टार एअर. म्हणजे पाचांपैकी ज्या एका ठिकाणी खरोखर मागणी आहे, हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला देशभरातून, परदेशातून भाविक येतात, तिथेही विमानसेवा अशी तुटक-तुटक चालली. बाकी चौघांकडे नियमित प्रवासी सेवेचं नावच नको. आणि तरी लायसन्स, गवत, भिंत, वॉचमन, वीजबिल चालूच.

माझं स्पष्ट मत सांगतो. यात कंपनीचा दोष आहेच, वर्षानुवर्षं देखभालीत हात आखडता घेतला की रनवे सांगतोच. पण 95 वर्षांचा करार करताना सरकारी बाजूने जे सुटलं तो दोष त्याहून मोठा. पाच ठिकाणं एकदम एका माणसाला, आणि त्या पाचांत पोट भरणारा एकही मोठा विमानतळ नाही. पाच उपाशी माणसं एका ताटाला बसवली तर ताट मोठं होत नाही.

एएआयचे छोटे विमानतळ तोट्यात असून चालतात ते का? कोल्हापूर, जळगाव, गोंदिया यांच्यासारखी ठिकाणं एकेकटी जगली नसती. एएआयला दिल्लीच्या ऑपरेटरकडून महसुलाचा 45.99 टक्के आणि मुंबईकडून 38.7 टक्के वाटा करारानेच ठरलेला होता, शिवाय चेन्नई-कोलकात्यासारखे मोठे विमानतळ स्वतःकडे. त्या पैशावर देशभरातले छोटे विमानतळ तगतात. घरातला कमावता मुलगा शिकणाऱ्या भावंडांची फी भरतो तसं. एकटा छोटा विमानतळ घेऊन बसलेल्या खासगी कंपनीला असा कमावता भाऊ नसतो. केंद्राला हे उमगलेलं आहे, म्हणून 2021 मध्ये कायदा बदलून मोठा आणि छोटा विमानतळ एकत्र जोडून द्यायची सोय केली, वाराणसीबरोबर कुशीनगर आणि गया, अमृतसरबरोबर कांगडा अशी ती कल्पना आहे. मला ती पटते. फक्त जोडीतला छोटा विमानतळ किमान कसा चालला पाहिजे हे आकड्यात लिहिलं नाही तर ऑपरेटर मोठ्याकडेच लक्ष देणार, ते उघड आहे.

मग सरकारने परत घेतला तर? सोलापूर बघा. सोलापूरचा विमानतळ कधीच खासगी नव्हता, एएआयचाच. तरी वर्षानुवर्षं नियमित विमान नाही, कारण विमान येण्याच्या मार्गात सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या को-जनरेशनची, म्हणजे वीजनिर्मितीची, जवळपास 90 मीटरची चिमणी. कोर्टकचेऱ्या झाल्या, आंदोलनं झाली, शेतकरी सभासद एका बाजूला, विमानसेवा मागणारे शहरातले लोक दुसऱ्या बाजूला, शेवटी 15 जून 2023 ला ती चिमणी पाडली. आणि विमान कधी आलं? 9 जून 2025 ला, गोव्याचं. चिमणी पडल्यावरही दोन वर्षं रनवे, लायसन्स, एअरलाइन यांची जुळवाजुळव. मालक सरकार असून ही गत. पुढे सोलापूर-मुंबईसाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून एअरलाइनला सीटमागे पैसे द्यायचं ठरवलं तेव्हा कुठे तो मार्ग हलला. शेवटी पैसा कोणीतरी ठेवावाच लागतो.

खासगीत चांगलं चाललेलं काही आहे का असं विचाराल तर आहे. बेल्लारीजवळ तोरणगल्लूला जिंदालचा विजयनगर विमानतळ आहे, तो त्यांच्या स्टील प्लांटसाठी बांधलेला, तिथे उडानचं विमानही यायला लागलं. तो टिकतो कारण स्थिर खर्च प्लांटच्या धंद्यात जिरतो, विमानातून कमाई झालीच पाहिजे असा हट्ट नाही. बंगालमध्ये अंडालचा, दुर्गापूरचा विमानतळ, खासगी कंपनीने शेजारी टाउनशिप विकसित करायच्या हिशोबाने काढला, 2015 ला सेवा सुरू झाली, पहिली काही वर्षं फार हाल झाले, राज्य सरकारने भागीदारी वाढवली, इंधनावरच्या करात सूट दिली, आणि आसनसोल-दुर्गापूरचा पट्टा मुळात कारखानदारीचा असल्यामुळे हळूहळू विमानं भरायला लागली. दोन्हीकडे विमानतळाच्या मागे दुसरं कोणीतरी उभं आहे.

आता माझ्या वाट्याला आलेला एक दिवस सांगतो, त्याशिवाय हे कागदावरचंच वाटेल. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव नको. दिवसाला एक एटीआर, सीएफटी एकच, कॅटेगरी 5 ला एकच लागतो म्हणून एकच घेतलेला. त्या गाडीच्या पंपातून आठ महिने आवाज येत होता. मी चार वेळा लेखी कळवलं, शेवटच्या वेळी पंपाचा कोटेशनसुद्धा जोडला. हेड ऑफिसमधून उत्तर यायचं की महिन्याला तीस फ्लाइट, त्यासाठी एवढा खर्च कसा दाखवायचा. एक दिवस सकाळच्या टेस्टिंगला पंपाने प्रेशर धरलंच नाही. क्रूमधला सगळ्यात सीनियर माणूस, पन्नाशीचा, नौदलातून निवृत्त झालेला, माझ्याकडे आला आणि फक्त मान हलवली. मला कळलं. गाडी नाही म्हणजे कॅटेगरी नाही, कॅटेगरी नाही म्हणजे प्रवासी विमान उतरू शकत नाही. एटीसीला कळवलं, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना गेली, तिकडे विमान सुटायच्या आधीच रद्द झालं. टर्मिनलमध्ये चौसष्ट माणसं बसलेली, त्यात एक आजी, डायलिसिसला दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्या, त्यांचा मुलगा माझ्याजवळ येऊन अगदी शांतपणे म्हणाला, साहेब, आता गाडीने निघालो तर उद्याची वेळ चुकेल. मी आमची जीप आणि ड्रायव्हर दिला त्यांना, ती रात्रभर गेली, वेळेत पोचले. पण त्यात माझं काही मोठेपण नाही, मला आजही त्या चार पत्रांचा राग येतो. पंप यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस विमान नाही, आणि नंतरचे दोन महिने सीट अर्ध्या रिकाम्या, कारण लोकांचा विश्वास उडाला. त्या रिकाम्या सीटचं नुकसान पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट झालं असणार.

त्या कंपनीचा करार मी नंतर वाचला. त्यात विमानतळ चालू स्थितीत ठेवावा असं एक वाक्य होतं. चालू स्थिती म्हणजे काय, किती दिवस बंद राहिला तर दंड, गाडी बिघडली तर पर्यायी गाडी किती तासांत, यातलं काही नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूने, फ्लाइट नसताना तयारीचा खर्च ऑपरेटरला कोण देणार हेही नव्हतं. माझं म्हणणं असं की राज्याने ऑपरेटरला वर्षाला ठरावीक तयारी-शुल्क द्यावं, आणि विमानतळ ठरलेल्या तासांत, ठरलेल्या कॅटेगरीत उपलब्ध नसला तर दिवसागणिक त्यातून कापावं. रस्त्यांच्या अॅन्युइटी कामांत, जिथे सरकार कंत्राटदाराला ठरावीक हप्ते देतं, हे आपण करतोच, कंत्राटदाराला टोलच्या गर्दीवर सोडत नाही. ठेकेदार खासगी असेना का, मग तो पंप आठ महिने थांबत नाही, कारण प्रत्येक बंद दिवस त्याच्या खिशातून जातो.

रोजच्या कामाला आधार म्हणून विमानतळावर पायलट ट्रेनिंगच्या शाळा आणणं हाही चांगला मार्ग आहे, बारामतीला त्या आहेत, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी शाळा आणायचं ठरवलं. शाळा असली की रनवे रोज वापरात, माणसं कामात, लायसन्स जिवंत. कार्गोची मात्र छोट्या ठिकाणी फार आशा धरू नका, एटीआरच्या पोटात आंब्याच्या पेट्या थोड्याच मावतात आणि हंगाम दोन-अडीच महिन्यांचा.

आता तुम्ही काय करू शकता. तुमचा विमानतळ एमआयडीसीच्या जमिनीवर असेल तर एमआयडीसीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, कंपनीकडे नको, कंपनी उत्तर द्यायला बांधील नाही. लीज डीड आणि त्याची सगळी परिशिष्टं मागा, खरी माहिती परिशिष्टातच असते. डीजीसीएचं लायसन्स सध्या वैध आहे का, कुठल्या फायर कॅटेगरीसाठी, आणि गेल्या पाच वर्षांत ते किती दिवस निलंबित होतं हे विचारा. पोलीस आणि अग्निशमनाचा खर्च राज्य देतंय का तेही विचारा, कारण उडानच्या विमानतळांना या दोन सेवा राज्याने मोफत द्यायच्या आहेत आणि कागदावर दिलेल्या सेवा प्रत्यक्षात कंपनीच भरत असते असं मी बघितलंय. करार हातात आला की लीजची वर्षं आणि प्रीमियम हे नंतर वाचा, आधी ऑपरेटरने कसूर केली तर सरकारने ताबा कधी आणि कसा घ्यायचा ते कलम शोधा. ते कलम धड असेल तर तुमच्या आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला ठोस मुद्दा मिळेल, आणि ते कलमच नसेल तर एवढी वर्षं विमानतळ कोणालाच का हलवता आला नाही ते तुम्हाला तिथेच कळेल.